बटाट्याचा ठसा

पेझ्लीत नोव्हेंबरची दुपार तीनलाच दिवे मागते.
तिसरीचा वर्ग, सव्वीस मुलं, सव्वीस बटाटे,
आणि मिसेस गॅलब्रेथच्या तक्त्यात एक रिकामा चौकोन:
हा तास कुठल्या विषयाचा?
मी मदतनीस. मला विचारलेलं नाही.
मी बटाटे धुते.

गावाच्या नावाची नक्षी आज छापायची.
फळ्यावर काढली, विचारलं, काय दिसतं?
बेडकाचं पिल्लू, म्हणाली व्हारी.
स्वल्पविराम, म्हणाला कात्स्पेर.
नाही, देवमासा झोपलाय, शेपूट मुरडून.
माझ्या तोंडून निसटलं: कोयरी.
कोयरी, कोयरी, वर्गभर चघळला त्यांनी तो शब्द
तिखट-मीठ लावल्यासारखा,
कच्चा आंबा कधी न पाहिलेल्या सव्वीस तोंडांनी.

मग जगाचा नकाशा खाली उतरला.
श्रीनगरपासून इथवर लोकरीचा धागा ताणला,
टाचण्या मी धरल्या.
शाल आधी आली, मागून तिची नक्कल,
आणि नक्कल इतकी खपली
की नक्षीला नाव पडलं ते या गावाचं.
"म्हणजे आपण कॉपी केली?" कात्स्पेर.
मिसेस गॅलब्रेथ खोकल्या.
त्यांची पणजी इथल्याच गिरणीत,
एका संध्याकाळी नऊ बोटं घेऊन घरी आलेली.
"केली," त्या म्हणाल्या, "आणि फुकट नाही केली."
वर्ग थोडा वेळ गप्प होता.
मग कुणीतरी दहा वजा एक केलं, बोटांवरच.

कोयरीचं पोट किती चौकोनांचं?
अर्ध्याला अर्धा जोडत
ओयिन्लोला चौतीसवर आली, शेजारचा छत्तीसवर,
दोघंही आपापल्या पेन्सिलीची शपथ घेऊन.
कडेकडेने दोरा लावला,
दोरा सरळ केला, पट्टीवर निजवला:
वळणालाही लांबी असते
हे कुणी वेगळं शिकवलं नाही.
उरलेल्या चकत्यांवर आयोडीनचा थेंब पडला
आणि पांढरं काळंनिळं झालं तेव्हा
असा गलका, की शेजारच्या वर्गातून दार वाजलं.

स्ट्रुअन शेवटच्या बाकावर.
त्याचा एस उलटा, त्याचा एन उलटा,
त्याची वही म्हणजे आरशातलं गाव.
दोन वर्षं लाल पेनं त्याला सरळ करतायत.
आज सगळ्यांनी कोयरीखाली नाव कोरलं,
रंगात बुडवलं, कागदावर दाबलं,
आणि कपाळाला हात, रंगासकट:
पंचवीस नावं उलटी.
एक सुलटं.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत.
व्हारी नवा बटाटा घेऊन त्याच्या बाकाशी गेली.
"कसं केलंस? दाखव."
तिच्यामागे कात्स्पेर, मग रांग.
तो खांदे उडवत राहिला.
लिहितो तसंच लिहिलं, म्हणाला.

घंटा झाली. बेसिन तुंबलं सालांनी.
मिसेस गॅलब्रेथनी तक्ता ओढला,
रिकाम्या चौकोनात एकच शब्द लिहिला: बटाटा.
मुख्याध्यापक विचारतील तेव्हा बघू.

मी सालं उपसत होते तेव्हा तो आला.
मिस केलुस्कर, तुझं नाव तुझ्या अक्षरांत?
मी कागदाच्या कपट्यावर लिहून दिलं.
खालचं बोट मधल्या अक्षरावर थांबलं.
"यात दोन कोयऱ्या आहेत," म्हणाला, "डोक्याला डोकं लावून."
आणि न विचारता कोरायला बसला
अख्खा ळ, आरशातला.
दाबला. उचलला.

माझी लेक इथेच जन्मली, नववीत आहे,
तिला अजून तो नीट काढता येत नाही.
कागद ओला होता.
मी तो घडी न घालता,
दोन्ही हातांत आडवा धरून बसस्टॉपवर उभी राहिले.